पुढे गेलेला आवाज

साताऱ्यातल्या त्या सोसायटीत पाहुण्यांना घर दाखवायची एक ठरलेली रीत होती. आधी हॉल, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यांत शेवटी, यजमानाने जरा घसा खाकरून, गाणखोली. गाणखोली म्हणजे घरातला स्टुडिओ. पूर्वी जिथे पोरांचं अभ्यासाचं टेबल असायचं तिथे आता भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दाराला रबराची पट्टी, मधोमध माईक आणि कोपऱ्यात संगणक. गाता येणं ही अट राहिली नव्हती. सूर सॉफ्टवेअर सरळ करायचं, ताल सॉफ्टवेअर बसवायचं, धाप लागली तर तीही पुसून टाकायचं. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचे निकम वकील रोज सकाळी निर्धास्तपणे भैरव आळवत. ज्याला ऐकवायचं तो शेजारी स्वतःच्या गाणखोलीत बसलेला असे, म्हणून कोणाची तक्रारही नव्हती.

धनंजय वाळिंब्यांना तयार गाणखोली विकत घेणाऱ्यांचा राग यायचा. पाणीपुरवठा खात्यात त्यांचा सगळा जन्म बिघडलेले पंप चालू करण्यात गेला होता. जी वस्तू आपण उघडून परत जोडली नाही ती आपली नव्हेच, असं त्यांचं मत. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, तिची खोली रिकामी झाली आणि धनंजयरावांनी हत्यारांची पेटी काढली. कुठल्याशा सल्ल्यावरून आधी अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवले. त्याने आवाज काही अडला नाही, खोलीला फक्त वास आला. मग जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून लाकडी चौकटींमध्ये भरला, दाराला दुसरं दार लावलं, भिंतीत काच बसवून पलीकडे स्वतःची बसायची जागा केली, जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणून त्याचे टाके स्वतः नव्याने मारले. हौसेला मोल नसतं म्हणतात. निवृत्त माणसाच्या हौसेला तर घड्याळही नसतं.

पण ही हौस त्यांची स्वतःसाठी नव्हती. ते गात नसत. बाथरूममध्येसुद्धा नाही. खोली होती केतकीसाठी, त्यांच्या बायकोसाठी.

केतकी तीस वर्षं उंब्रजकरबुवांच्या मागे बसली होती. मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन शिष्य बसतो, तो नुसता तंबोरा छेडत नाही. बुवांनी श्वास घ्यायला जागा सोडली की ती आपल्या आवाजाने भरायची. बुवा दमले की चार आवर्तनं सांभाळायची. आणि बुवांचा आवाज परत उठला, की आपला सूर जिथे असेल तिथे, अगदी अर्ध्यात, गिळायचा. याला साथ म्हणतात. ज्याला हे जमतं त्याचं कौतुक फारसं कोणी करत नाही, कारण ते नीट जमलं तर कोणाला ऐकूच येत नाही. केतकीला ते इतकं जमलं होतं की बुवा म्हणायचे, "ही मागे असली की मला दोन गळे असतात."

बुवा गेले आणि केतकीचं गाणं थांबलं. गळा शाबूत होता. ती तंबोरा लावायची, षड्ज धरायची, आणि पुढे जायचं म्हटलं की थबकायची. धनंजयरावांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "पुढे कोणी नाही रे धनू. कोणाच्या मागे जाऊ?"

"कोणाच्या मागे कशाला? तू पुढे हो."

"तू पंप आधी सुरू करतोस का पाणी आधी भरतोस?"

"पाणी. कोरडा पंप ओढत नाही."

"मग तसंच," ती म्हणाली.

समोर श्रोते नसले, फक्त माईक असला तर ती गाईल, असं धनंजयरावांच्या डोक्याने घेतलं. बायकोचा आवाज एकदा तरी पुढे ऐकायचा होता त्यांना. एवढंच.

खोली तयार झाली. केतकीने हेडफोन चढवला, यमनाची पहिली ओळ घेतली आणि थांबली. परत घेतली, परत थांबली.

"माझ्या मागे कोणीतरी गातंय," ती म्हणाली.

"तूच आहेस ती."

"असेन. पण ती मागून येते, आणि मी तिला जागा देते."

आता हे काय होत होतं ते सांगायला हवं. माईकमध्ये शिरलेल्या आवाजाचे आधी आकडे होतात. संगणक ते आकडे चिवडतो. मग आकड्यांचा परत आवाज होऊन तो हेडफोनमध्ये पडतो. या सगळ्या उपद्व्यापाला वेळ लागतो, पापणी लवायला लागतो त्याचा एखादा हिस्सा. बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही. गाणाऱ्याला तो भातातल्या खड्यासारखा लागतो. कारण माणूस नुसता तोंडाने बोलत किंवा गात नाही, कानानेही गातो. मेंदू सूर पाठवतो, तोच सूर कानावर आला का हे तपासतो आणि मग पुढचा सोडतो. स्वतःचाच आवाज उशिरा ऐकवला, तर भल्याभल्यांची जीभ अडखळते. हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

धनंजयरावांनी तारा बदलल्या, संगणक बदलला. विलंब कमी झाला, पण संपेना. शेवटी त्यांनी अग्रनाद आणला.

अग्रनाद हे अर्धं यंत्र, अर्धं सॉफ्टवेअर. यंत्राचे दोन भाग. एक गळ्याभोवती बांधायची पातळ पट्टी, तिला बायका गळसरीच म्हणायच्या. दुसरा कानात बसणारा इवलासा कानमणी. गाण्याआधी मेंदूचा हुकूम घशाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो, स्नायू ताणले जातात आणि मग आवाज फुटतो. गळसरी तो ताण वाचते. म्हणजे आवाज फुटायच्या आतच तिला कळतं, आता कुठला सूर येणार. उरलेला अंदाज सॉफ्टवेअर त्या माणसाच्या जुन्या गाण्याबोलण्यावरून बांधतं, त्याच्याच आवाजात तो सूर घडवतं आणि कानमण्यात सोडतं. विलंब भरून निघतो. अंदाज चांगला असला तर आवाज जरा आधीच येतो. या आधी येण्याला कंपनीने नाव दिलं होतं आघाडी. नियमही सोपा होता. अंदाज बरोबर ठरत गेला की आघाडी वाढवायची, चुकला की कमी करायची.

केतकीने गळसरी बांधली, कानमणी बसवला आणि गायला लागली. यमन संपवून केदार घेतला. मध्ये पाणी मागितलं नाही, थबकली नाही. काचेपलीकडे धनंजयराव गुंड्यांवर हात ठेवून बसले होते आणि रडत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजाच्या पुढे दुसरा कोणाचा आवाज नव्हता. निदान त्यांना तसं वाटलं.

ती रेकॉर्डिंगं लोकांनी ऐकली. इथे कुठलाही सूर यंत्राने सरळ केलेला नव्हता, हे कान असलेल्या माणसांना कळलं. पुण्याहून, धारवाडहून फोन आले. निकम वकिलांनी जिन्यात गाठून सांगितलं, "वहिनी, तुम्ही गाता तेव्हा आम्ही आमची खोली बंद ठेवतो." ती हसली. त्या दिवसांत ती फार हसायची. काही दिवसांनी कंपनीचा संदेश आला की तुमच्या गाणखोलीत अंदाजाची चूक जवळजवळ शून्यावर आली आहे, अभिनंदन. धनंजयरावांनी तो संदेश तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि वर आंबा बर्फी आणली.

मग एक दिवस ती गाणखोलीतून बाहेर आली, दारात उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्याशी बोलायला लागली आणि अडखळली. 'चादरी' म्हणताना 'चा' तीनदा आला. तिने तोंडावर हात ठेवला.

"काय गं?" धनंजयरावांनी विचारलं.

"मा... माझा आवाज उ... उशिरा येतोय. मला."

रोज आधी येणाऱ्या आवाजाची तिच्या मेंदूला सवय झाली होती. आता घरातला, उघड्या हवेतला, देवाने दिलेला तिचा आवाज तिला मागून येतोसा वाटे. विलंब घालवायला बसवलेल्या यंत्राने सगळ्या जगालाच विलंब लावला होता. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. धनंजयरावांना त्यातल्या त्यात एक उपाय सुचला, आणि कुठल्याही इंजिनियरला तोच सुचला असता. त्यांनी अग्रनाद तिच्या फोनला जोडला. आता गळसरी आणि कानमणी घालून ती घरभर, बाजारभर फिरू शकत होती. अडखळणं त्याच क्षणी थांबलं.

एकदा दोडके आणायला गेलेली केतकी गवार घेऊन आली.

"गवार? दोडके म्हणाली होतीस ना?"

ती पिशवीत बघत राहिली. "हो. मनात दोडकेच होते. पण कानात आलं 'अर्धा किलो गवार द्या', आणि मी म्हटलं."

"म्हणजे तू म्हणालीस."

"म्हटलं गेलं," ती म्हणाली.

धनंजयराव हसले. नेहमी गवारच घेतेस तू, म्हणाले. मग त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी तिथेच कानमणी काढून घेतला, म्हणाले, आता हे बास. संध्याकाळपर्यंत केतकीच्या तोंडून एक अख्खा शब्द आला नाही. नुसत्या अर्ध्या अक्षरांशी झटत राहिली. शेवटी तिला घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं, आणि त्यांनीच कानमणी तिच्या कानात परत बसवला. "आता बरं वाटतंय," ती लगेच म्हणाली. आणि त्यांना पहिल्यांदा प्रश्न पडला, हे कोण म्हणालं?

पुण्याच्या एका वाणी-संशोधन केंद्रात डॉ. तस्नीम मुल्ला अशीच प्रकरणं पाहत. मूळच्या मिरजेच्या, बोलायला मोकळ्या. अग्रनादाने अडखळलेली माणसं त्यांच्याकडे बरीच येत आणि बहुतेक बरी होऊन जात. केतकीच्या यंत्रातली माहिती त्यांनी पडद्यावर उघडली आणि शेजारी दुसऱ्या गायकांची लावली.

"धनंजयराव, इतर गायकांच्या आघाडीची रेघ बघा," त्यांनी दाखवलं. "वर जाते, खाली येते. का? कारण गवई जात हट्टी. यंत्राने पुढचा सूर गंधार सुचवला, की हे मुद्दाम मध्यम लावणार. अंदाज चुकला, आघाडी उतरली. कंपनीने चाचण्या घेतल्या त्या असल्या माणसांवर. आता ताईंची रेघ बघा."

रेघ नुसती वर जात होती.

"ही उतरतच नाही," धनंजयराव म्हणाले.

"कशी उतरेल? ताईंनी आयुष्यभर काय केलं? पुढचा आवाज आला की आपला गिळला. मी मिरजेची आहे, मागे बसणारे मी खूप पाहिलेत. यंत्राने एक सूर पुढे टाकला, ताई त्याच्या मागे गेल्या. यंत्राला वाटलं, वा, अंदाज बरोबर. त्याने आघाडी वाढवली. ताई आणखी मागे गेल्या. यंत्र ताईंना ओळखत गेलं असं नाही हो. ताई यंत्राला साथ करत गेल्या."

"पण कंपनी म्हणाली, चूक शून्य."

"मागे चालणाऱ्याच्या पुढे चाललात, तर रस्ता तुमचा कधीच चुकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीला यंत्र घशाचा ताण वाचून बोलत होतं. आता आघाडी काही सेकंदांवर गेलीय. तेवढ्या आधी घशात ताण नसतोच. म्हणजे ते आता घसा वाचत नाही. आजवर ताई कुठल्या वेळी काय बोलल्या, त्या हिशेबाने पुढचं बोलतं. आणि ही रेघ अजून चढतेय. पुढे पुढे तर प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार असेल."

केतकी शेजारीच बसली होती. हात मांडीवर होते आणि डोळे पडद्यावर. ती सगळं समजत होती.

"उपाय?" धनंजयरावांनी विचारलं.

"यंत्र उतरवायचं आणि काही महिने गप्प राहायचं. मग लहान मुलासारखा एकेक शब्द आपणहून सुरू करायचा. कोणी पुढे नसताना. कठीण आहे, पण होतं. अट एकच. त्यांना स्वतःला ते हवं असलं पाहिजे. ज्यांचं जबरदस्तीने उतरवलं त्यांच्यातले काही कायमचे मुके झालेले मी पाहिलेत. म्हणून मी त्यांच्या होकाराशिवाय हात लावणार नाही." त्या केतकीकडे वळल्या. "केतकीताई, सुरू करू या का उपचार?"

केतकीच्या मनात 'हो' होतं. हे मी ठामपणे सांगतो, गोष्ट सांगणाऱ्याला एवढी मुभा असते. साताऱ्याहून येताना गाडीत ती तो एकच शब्द धरून बसली होती. पण कुठल्या वेळी ती काय बोलली याचा सगळा साठा यंत्राकडे होता, आणि त्या साठ्यात ही बाई कशी होती? कोणी आग्रहाने वाढायला आलं की नको. नवी साडी घे म्हटलं की नको. कंबर दुखतेय, डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की नको, राहू दे. बुवांनी एकदा म्हटलं होतं, पुढच्या वर्षी तू स्वतंत्र मैफल कर, तेव्हाही नको. आपल्या घराघरांतल्या बायका म्हणतात तसंच, निम्म्या वेळा मनात नसताना. यंत्राला मन कुठलं? त्याने शब्द मोजले होते. तिच्यासाठी काही करू का असं कोणी विचारलं, की उत्तर काय येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नको," केतकी शांतपणे म्हणाली. "कशाला उगीच तुम्हाला सगळ्यांना त्रास."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज मात्र जराही हलला नाही.

"डॉक्टर, ती रडतेय," धनंजयराव म्हणाले. "बघताय ना तुम्ही? तिला हवंय."

"दिसतंय मला. पण डोळ्यांतल्या पाण्याला मी होकार समजायला लागले, तर उद्या कोणाच्याही पाण्याचा कोणीही कसलाही अर्थ काढेल. ताई, बोलू नका. नुसती मान हलवा. हो की नाही?"

मान हलली. नको म्हणताना हलते तशीच हलली, आणि पाठोपाठ शब्दही आला.

मग डॉक्टरांनी कानमणी काढला आणि तिच्या हातात पेन दिलं. लिहा म्हणाल्या, एकच अक्षर पुरे. केतकीने पेन नीट धरलं. कागदावर टेकवलं. आणि वाट बघत राहिली. घाई कोणालाच नव्हती, सगळे थांबले. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं, परत आलं. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. न राहवून धनंजयराव म्हणाले, "लिही ना गं केतकी." तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेतून त्यांना कळलं की तिला लिहायचंय, फक्त सुरू कसं करायचं ते आता सापडत नाहीये. कोणीतरी आधी जायला हवं होतं.

डॉक्टरांनी पेन अलगद काढून घेतलं आणि कानमणी तिच्या कानात परत बसवला. "घरी विचारून बघा," निघताना त्यांनी धनंजयरावांना बाजूला घेऊन सांगितलं. "निवांत वेळी, नेहमीच्या बोलण्याच्या ओघात. कधीतरी अंदाज चुकेल. एकदा चुकला की रेघ उतरायला लागेल. एकच 'हो' पुरे आहे मला."

अग्रनादाबरोबर दुसरा एक कानमणी मिळत असे, काचेपलीकडे बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यासाठी. गाणाऱ्याच्या कानात जे जातं तेच त्यातही ऐकू येतं. धनंजयरावांनी तो शोधून काढला. त्यांचा हिशेब पंप दुरुस्त करणाऱ्याचा होता. प्रश्न विचारता विचारता कानात 'नको' आलंच, तर वाक्य मध्येच वळवायचं. वेगळं काही विचारायचं. यंत्राला हुलकावणी द्यायची आणि त्या फटीतून तिचा एक 'हो' बाहेर काढायचा. उंटावरचा शहाणा होतो आपण कधी कधी, पण प्रेमाने होतो.

संध्याकाळी दोघं गॅलरीत चहा घेत बसली. अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं. केतकीने बंगळुरूच्या फोनची गोष्ट सांगितली, नातीचा दात पडला ती. धनंजयराव ऐकत होते, आणि प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा ऐकू येत होतं, आधी कानात आणि मग तिच्या तोंडून. दोन्हींत तसूभर फरक नव्हता. गोष्ट संपली. त्यांनी कप खाली ठेवला. विचारायचं ठरवलं. श्वास घेतला.

"नको रे धनू," त्यांच्या कानात केतकीचा आवाज म्हणाला. "राहू दे."

त्यांनी अजून काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती त्यांच्याकडेच बघत होती, डोळे भरून, कारण तिच्या कानातही तेच आलं होतं. त्यांच्या कानातला मणी तिला दिसला होता. यांनीही ऐकलंय, हे तिला कळलं होतं.

आपण विचारलंच नाही तर, असं त्यांच्या मनात आलं. प्रश्नच नसला तर उत्तराला जागा कुठली? त्यांनी दात घट्ट मिटले, घेतलेला श्वास हळूहळू सोडून दिला आणि तिचा हात हातात धरला. तिनेही त्यांचा हात दाबला. दोघं तशीच बसून राहिली, काही न बोलता, येणाऱ्या शब्दांची वाट बघत.

मग केतकीचे ओठ हलले.

"नको रे धनू," ती म्हणाली. "राहू दे."